पासिंगला आलेली पद्मिनी

आरटीओच्या आवारात चाळीस वर्षांची गाडी पासिंगला येते तेव्हा तिची पहिली परीक्षा ब्रेकची किंवा दिव्यांची नसते, आकड्यांची असते. बॉनेट उघडायचे, रॉकेलच्या फडक्याने साचलेली ग्रीस पुसायची, चेसिस नंबर ठोकलेल्या जागेवर पातळ कागद धरायचा आणि त्यावरून पेन्सिल आडवी घासत न्यायची. काळ्या पट्ट्यात पांढरे आकडे हळूहळू उमटतात. गाडीला मधल्या काळात तीनदा रंग लागलेला असतो, पत्र्याला एकदा गंज चढून गेलेला असतो, त्यामुळे पाचवा आकडा ३ आहे की ८ हे कागद उजेडात तिरका धरूनही कळत नाही. इकडे आरसी बुकातली शाईही फिकी पडलेली. एवढ्या एका आकड्यावरून गाडी परत जाते, पुन्हा तारीख घ्यावी लागते, पुन्हा एक दिवस मोडतो. ही तपासणी अनावश्यक आहे असे कोणी म्हणू नये. चोरीची गाडी दुसऱ्याच्या कागदांवर खपवली जाऊ नये यासाठी ती हवीच. अडचण तिच्या पुढे सुरू होते. आकडे जुळले की जुन्या गाडीबद्दल विचारण्यासारखा जो खरा प्रश्न आहे, तो आपल्या नियमांत नीट विचारलाच जात नाही. ही गाडी ज्या काळात बनली त्या काळच्या हिशेबाने आज धडधाकट आहे का, हा तो प्रश्न. त्याच्या जागी कायदा जवळजवळ एकच गोष्ट मोजत बसतो, ती म्हणजे गाडीचे वय.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी मार्च २०२२ पर्यंत ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० वर नेले. गाडी परदेशातून आयात केलेली असेल तर हाच आकडा ८०,००० आहे. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. या चढत्या भाजणीमागचा हेतू उघड आहे: जुनी वाहने रस्त्यावरून हटावीत, भंगारात जावीत. मोठ्या संख्येने रोज धावणाऱ्या, धूर ओकणाऱ्या वाहनांच्या बाबतीत हा हेतू योग्यच आहे. पण निगुतीने जपलेली, सुट्टीच्या दिवशी बाहेर निघणारी गाडी आणि देखभालीविना रोज शंभर किलोमीटर पळवलेली गाडी यांत हे शुल्क काहीही फरक करत नाही. दोघींची जन्मतारीख एक, म्हणून दोघींना दंड एक.

पुढे वयाची दुसरी रेषा येते, ती ५० वर्षांची. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली बिगर-व्यावसायिक दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नंतरच्या नोंदणीचे ५,०००. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. ही शेवटची सवलत वाटते त्याहून मोठी आहे. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी मालिकेतला क्रमांक हा त्या गाडीच्या इतिहासाचा भाग असतो आणि नियम लिहिणाऱ्यांना ते उमगले होते. जुन्या यंत्रांकडे वारसा म्हणून पाहणारा हा देशातला पहिला सर्वंकष नियम. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्याने पन्नाशी गाठलेल्यांना छत्री दिली आणि पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांच्या टापूला उघड्यावर सोडले.

हा टापू किती विसंगत आहे हे पाहायला मुंबईचीच गाडी पुरे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला तिचे नाव प्रेसिडेंट झाले, १९७४ च्या सुमारास पद्मिनी, आणि पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहिले. लायसन्स-परमिटच्या काळात स्पर्धा नव्हती, नवे तंत्रज्ञान आणायची मुभा नव्हती, त्यामुळे गाडीचा मूळ साचा जवळजवळ तोच राहिला. चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, कार्ब्युरेटरवर चालणारे अकराशे सीसीचे इंजिन. आता १९७४ ची एक पद्मिनी आणि १९८६ ची दुसरी शेजारी शेजारी उभ्या करा. कारखाना एक, आराखडा एक, धूर एक, ब्रेक एक. पहिली कायद्याने वारसा ठरू शकते. दुसरी मात्र दर पाच वर्षांनी १०,००० रुपये भरून आपण भंगार नाही हे सिद्ध करत राहते. यंत्र तेच असताना एक जपण्याजोगे आणि दुसरे हटवण्याजोगे ठरत असेल, तर ती रेषा यंत्राकडे पाहून ओढलेली नाही एवढे नक्की.

आणि हे नुकसान भरून निघणारे नाही. पन्नासाव्या वर्षी सन्मान द्यायचा तर गाडी तोवर टिकायला हवी. तिसाव्या, पस्तिसाव्या वर्षी जी गाडी शुल्काला आणि हेलपाट्यांना कंटाळून किलोच्या भावाने विकली गेली, तिला पन्नासावे वर्ष येत नाही. टॅक्सींना तर २० वर्षांची वयोमर्यादाच होती, आणि त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी नाहीशी झाली. टॅक्सीला मर्यादा असणे समजण्यासारखे आहे, तिच्यात रोज प्रवासी बसतात. पण इतकी वर्षे शहराची ओळख असलेली गाडी संपते आणि तिच्यातल्या चार-दोन तरी नोंदणीसकट, चालत्या अवस्थेत राखण्यासाठी कायद्यात सोयीची वाट नसते, हे मला खुपते.

शुल्काची रक्कम निदान छापलेली असते. कागदपत्रांचा जाच मोजताच येत नाही. जुन्या गाड्यांच्या नोंदी हस्तलिखित रजिस्टरांत होत्या. कामकाज ‘वाहन’ प्रणालीवर आले तेव्हा अनेक जुन्या नोंदी त्यात चढल्याच नाहीत. अशा गाडीचे कुठलेही काम करायचे तर आधी ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते, म्हणजे मूळ कार्यालयातले रजिस्टर सापडले पाहिजे आणि त्यातले पान शाबूत असले पाहिजे. मधल्या काळात शहरे वाढली, एका कार्यालयाची तीन-चार झाली, मालकाचा पत्ता बदलला. मग मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, त्यासाठी २८ नंबरचा फॉर्म. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रे. काका अमेरिकेत आणि आत्या इंदूरला असली की एकेका सहीसाठी महिने जातात. सर्वांत अवघड गाठ कर्जबोजाची. १९८० च्या दशकात हप्त्यांवर घेतलेल्या गाडीच्या आरसी बुकावर वित्तसंस्थेचा शिक्का असतो. हप्ते केव्हाच फिटलेले असतात, पण बोजा उतरवायला ३५ नंबरच्या फॉर्मवर त्या संस्थेची सही लागते, आणि संस्था मध्यंतरी बुडालेली किंवा दुसरीत विलीन झालेली असते. मेलेल्या संस्थेची सही कुठून आणायची? या प्रत्येक अटीमागे कारण आहे, एकही अट मुळात चुकीची नाही. पण त्या पाच-सात वर्षे वापरून विकायच्या गाडीसाठी लिहिलेल्या आहेत. तीन पिढ्या एका घरात राहिलेल्या गाडीचा विचार त्या लिहिताना कोणाच्या मनात नव्हता. तीस वर्षांहून जुन्या बोजाच्या बाबतीत जाहीर नोटीस आणि मालकाचे हमीपत्र घेऊन ठरावीक मुदतीनंतर बोजा उतरवता येईल, एवढी तरतूद केली तरी कित्येक गाड्या मोकळ्या होतील.

तपासणीकडे परत येऊ, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. यंत्राला त्याच्या काळाच्या मापाने मोजायचे हे तत्त्व आपल्या कायद्याला नवीन नाही. रोजच्या व्यवहारातल्या पीयूसीतच ते आहे. पीयूसी केंद्रावर पद्मिनीच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली जाते तेव्हा तिला आजच्या गाडीची मर्यादा लावत नाहीत. त्या पिढीच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतात. पुढच्या मानकांच्या गाड्यांना मर्यादा कडक होत जाते. सीट बेल्टचेही तसेच. गाड्यांत पुढच्या सीटला पट्टे बसवण्याची सक्ती उत्पादकांवर १९९० च्या दशकात आली, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत ते मुळातच नसतील तर तो मालकाचा गुन्हा धरत नाहीत. म्हणजे जिथे विचार झाला तिथे कायद्याने शहाणपणाने म्हटले आहे की १९७० च्या यंत्राकडे २०२० च्या यंत्राची अपेक्षा ठेवू नये, पण १९७० ला ते जसे चालायला हवे होते तसे ते चाललेच पाहिजे. हेच तत्त्व फिटनेसच्या सगळ्या तपासणीला का लावू नये? आता स्वयंचलित चाचणी केंद्रे येत आहेत. रोलरवर ब्रेकची ताकद मोजली जाईल, यंत्र दिव्याच्या झोताची तीव्रता वाचेल. माणसाच्या मर्जीपेक्षा यंत्र बरे, यात शंका नाही. पण सहा व्होल्टच्या डायनॅमोवर चालणाऱ्या जुन्या मोटारसायकलचा दिवा तिच्या जन्मापासूनच पिवळट आणि मंद आहे. यंत्रात जर फक्त आजचा आकडा भरलेला असेल तर तो दिवा नापास होईल, आणि मालक तिथे बाजारातला एलईडी बसवून गाडी पास करून घेईल. म्हणजे तपासणीनेच गाडीचे मूळ रूप मोडले, आणि उद्या पन्नाशीला व्हिंटेज नोंदणी मागताना त्याच फेरफारावर बोट ठेवले जाईल.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो खरा आहे. भारतात पेट्रोल मोटारींसाठी पहिली मानके १९९१ मध्ये आली तेव्हा गाडीच्या वजनानुसार किलोमीटरमागे १४.३ ते २७.१ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती एका ग्रॅमवर आली. त्याआधीच्या गाड्यांना तर तेवढेही बंधन नव्हते. म्हणजे जुनी गाडी एका किलोमीटरला नव्या गाडीच्या कित्येक पट विष सोडते. जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी हे नाकारू नये. नाकारले तर त्यांचे पुढचे कोणी ऐकणार नाही. पण शहराच्या हवेत जे मिसळते ते केवळ किलोमीटरमागच्या ग्रॅमवर ठरत नाही, एकूण किलोमीटरवरही ठरते. मग मर्यादा किलोमीटरवर घाला. मधल्या टापूतल्या जपलेल्या गाड्यांसाठी ‘क्लासिक’ अशी वेगळी नोंदणी ठेवा, तशा गाडीने वर्षाकाठी किती धावायचे याची कमाल ठरवा, दर तपासणीला ओडोमीटरची नोंद घ्या, रोजच्या कामासाठी वापर आढळला तर नोंदणी काढून घ्या. दिल्ली आणि आसपासच्या भागात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षांपुढची डिझेल व पंधरा वर्षांपुढची पेट्रोल वाहने चालवण्यावर बंदी कायम केली, तेव्हा तिथल्या कितीतरी गाड्या ना-हरकत घेऊन दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या. धूर संपला नाही, पत्ता बदलला. वयाच्या रेषेचा हा दुबळेपणा आहे. ती ओलांडायला सोपी आणि तपासायलाही सोपी, म्हणूनच प्रशासनाला आवडते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ड्रम ब्रेकची, पट्टे नसलेली गाडी आजच्या द्रुतगती मार्गावर सोडायची का? इथे मी जुन्या गाड्यांच्या अनेक चाहत्यांपेक्षा वेगळे म्हणेन. ब्रिटनने मे २०१८ पासून चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या, मोठा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी चाचणीतून सूट दिली. मालक स्वतःच काळजी घेतात, गाडी क्वचित बाहेर निघते, असा त्यामागचा विचार. ब्रिटनमध्ये तो चालत असेल. आपल्याकडे तो आणू नये. आपल्याला जर्मनीची पद्धत जवळची वाटायला हवी. तिथे १९९७ पासून तीस वर्षांपुढच्या गाडीला ‘एच’ अक्षराची पाटी मिळते. त्यासाठी मान्यताप्राप्त तज्ज्ञाने गाडी पाहून तिची अवस्था आणि मूळ रूप यांचा अहवाल द्यावा लागतो. पाटी मिळाल्यावर दर दोन वर्षांची नियमित तपासणी सुटत नाही, पण वर्षाला १९१ युरोंच्या आसपासचा एकच ठोक कर लागतो आणि गाडी रस्त्यावर चालवता येते, नुसती मिरवायची नसते. युरोपीय संघानेही २०१४ च्या तपासणीविषयक निर्देशात ऐतिहासिक वाहनाची वयोमर्यादा किमान तीस वर्षे धरली आहे आणि जुन्या गाड्यांच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ यानेही तीसच. सवलत तपासणीतून नाही, सवलत मापदंडात. हे सूत्र आपण घ्यावे. पन्नास वर्षांच्या गाडीचे ब्रेक वीस वर्षांच्या गाडीपेक्षा अधिक बारकाईने बघितले पाहिजेत, फक्त बघणाऱ्याला ड्रम ब्रेक कळले पाहिजेत. आणि अशा गाडीला द्रुतगती मार्ग नको असेल तर तसे नोंदणीतच लिहावे.

हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत, त्यासाठी सरकारने डोके का शिणवावे, असेही विचारले जाते. रोल्स रॉइस आणि डेमलर डोळ्यांसमोर आणल्या तर प्रश्न रास्त वाटतो. पण संस्थानिकांच्या त्या गाड्या पन्नाशी कधीच ओलांडून बसल्या आहेत आणि त्यांचे मालक कोणतेही शुल्क भरू शकतात. २०२२ च्या नियमांनी व्हिंटेज मोटारींना त्रयस्थ विम्याच्या हप्त्यात निम्मी सूटही दिली आहे. मधल्या टापूत अडकली आहे ती निवृत्त शिक्षकाची पद्मिनी, शेतकऱ्याची महिंद्रा जीप, म्हैसूरची येझदी, आकुर्डीहून निघालेली बजाज चेतक. या गाड्यांची बाजारातली किंमत कधी कधी नूतनीकरणाच्या शुल्काशी तुलना करण्याइतकी कमी असते. आणि त्यांच्याभोवती एक कसब जगते. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून मिश्रण जाड आहे की पातळ हे सांगणारा मेकॅनिक, पत्रा ठोकून मडगार्डची मूळ गोलाई परत आणणारा डेंटर, पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसजवळ जुन्या स्पेअर पार्टची खोकी राखून बसलेला दुकानदार. गाड्या संपल्या की ही विद्या शिकवायला कोणी उरणार नाही. ऐतखाऊ छंद म्हणून ज्याला हिणवले जाते, त्यातून कोणाची चूल पेटते हे पाहिले तर शुल्क ठरवणाऱ्यांचा हात थोडा थबकेल.

सवलत दिली की खटारेही क्लासिक म्हणून पुढे येतील, भंगार धोरणाला पळवाट मिळेल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच मूळ रूपाची अट हवी, पण ती भारताचा इतिहास जाणून लिहिलेली हवी. आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल परवडत नव्हते. त्या काळी लोकांनी पेट्रोलच्या गाड्यांत डिझेल इंजिने बसवली, जीपना नवी टपे चढवली. हे बदल त्या काळाचाच दस्तऐवज आहेत. जर्मनीत गाडीच्या समकालीन फेरफारांना मान्यता मिळते. आपल्या नियमातली ‘मोठा फेरफार नको’ ही अट मात्र १९७८ मध्ये गरजेपोटी बदललेले आणि आरसी बुकावर रीतसर चढवलेले इंजिन आणि गेल्या वर्षी हौसेने बसवलेले इंजिन यांत भेद करण्यापुरती स्पष्ट नाही. तो भेद खिडकीवरच्या कारकुनाने करावा अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय आहे. प्रत्येक महसुली विभागात मोटार वाहन निरीक्षक, अभियांत्रिकीचा एखादा प्राध्यापक आणि जुन्या गाड्यांचा अनुभवी कारागीर अशा तिघांनी महिन्यातून एक दिवस बसून गाड्या बघाव्यात. त्यांनी नाकारलेली गाडी नेहमीच्या वाटेने जाईल, तिला पळवाट मिळणार नाही. या तिघांत कारागीर हवाच. कागद वाचणारे पुष्कळ मिळतात, पत्र्यावर हात फिरवून तो मूळचा आहे की नंतरचा हे सांगणारे थोडे.

हे निर्णय फार लांबवण्यासारखे नाहीत. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. देशातल्या मध्यमवर्गाचे जगणे जिने बदलले ती गाडी कायद्याच्या लेखी वारसा होण्याच्या वयाला डिसेंबर २०३३ मध्ये पोहोचेल. त्या पहिल्या वर्षीच्या ज्या थोड्या गाड्या अजून कोणाच्या तरी शेडमध्ये झाकून ठेवलेल्या आहेत, त्यांना तोवर नूतनीकरणाचा आणखी एक फेरा ओलांडायचा आहे, साधारण २०२८-२९ मध्ये. त्या दिवशी पासिंगच्या रांगेत निरीक्षकाच्या हातात कोणता तक्ता असेल, यावर त्यांतल्या किती परत घरी जातील हे ठरणार आहे.